पुस्तक, डोळा आणि मधलं हातभर अंतर

पालथं पडून, कोपरं गादीत रुतवून, हनुवटी तळव्यावर टेकवून वाचणारं मूल मोठ्यांना फार आवडतं. ना टीव्ही, ना मोबाइल, पोर वाचतंय. कुणी हाकसुद्धा मारत नाही. अशा मुलाजवळ फूटपट्टी घेऊन जावं आणि डोळ्यापासून पानापर्यंतचं अंतर हळूच मोजावं. ते पंधरा-वीस सेंटिमीटरच्या पुढे क्वचितच जातं. कुशीवर वळून वाचत असेल तर एक डोळा पानाच्या जास्त जवळ आणि दुसरा लांब, असंही आढळतं. मायनस नंबरची गोष्ट इथूनच सुरू होते.

जवळचं बघायला डोळ्याला किती जोर लागतो, याचा हिशेब पाचवीतल्या मुलालाही जमेल असा आहे. अंतर सेंटिमीटरमध्ये घ्यायचं आणि १०० ला त्याने भागायचं. उत्तर डायॉप्टरमध्ये, म्हणजे भिंगाची ताकद मोजायच्या एककात, मिळतं. ३३ सेंटिमीटरवर पुस्तक धरलं तर ३ डायॉप्टर, २५ वर ४, २० वर ५, १५ वर साडेसहाच्याही वर. तेवढी जादा ताकद डोळ्यातलं भिंग फुगून आणतं. या हिशेबात एक गोष्ट लपलेली आहे. ३५ वरून ३० सेंटिमीटरवर आलं तर अर्ध्या डायॉप्टरचाच फरक पडतो, पण २० वरून १५ वर आलं की दीडहून जास्त डायॉप्टर वाढतात. पाच सेंटिमीटर तेच, किंमत मात्र तिप्पट. म्हणून पुस्तक जवळ धरण्याच्या सवयीत सगळ्यात महाग पडतात ते शेवटचे काही सेंटिमीटर.

मूल तक्रार करत नाही, कारण त्याला काही दुखत नाही. आठ वर्षांच्या मुलाच्या डोळ्यात बारा-तेरा डायॉप्टरची समायोजन शक्ती, म्हणजे भिंग फुगवण्याची ताकद असते, पाच-सहा डायॉप्टर तो सहज पेलतो. चाळिशीतल्या माणसाला वर्तमानपत्र लांब धरावंसं वाटतं, हा त्याच्या डोळ्याने दिलेला इशारा असतो. मुलाचा डोळा असा इशारा देत नाही. तो सोसतो आणि वाढत राहतो.

सगळा मामला या वाढण्याचा आहे. जन्मताना डोळ्याची पुढून मागची लांबी साधारण १७ मिलिमीटर असते, मोठेपणी २३.५ ते २४. या वाढीत पुढचं पारपटल, मधलं भिंग आणि मागचा दृष्टिपटल म्हणजे डोळ्याचा पडदा, यांचं गणित जुळत जावं लागतं, म्हणजे लांबची वस्तू ताण न देता बरोबर पडद्यावर उमटते. लांबी गरजेपेक्षा वाढली की प्रतिमा पडद्याच्या अलीकडेच तयार होते. हीच निकटदृष्टिता, आपल्या बोलण्यातला मायनस नंबर. एक मिलिमीटर जादा लांबी म्हणजे अंदाजे अडीच ते तीन डायॉप्टर. नंबर समजून घ्यायलाही तोच भागाकार वापरता येतो. मायनस १ म्हणजे एक मीटरच्या पलीकडचं धूसर, मायनस २ म्हणजे अर्ध्या मीटरच्या, मायनस ४ म्हणजे २५ सेंटिमीटरच्या. वाढलेली लांबी परत कमी होत नाही. चष्मा प्रतिमा मागे ढकलून पडद्यावर आणतो, डोळा जसा वाढला तसाच राहतो.

डोळ्याला किती वाढायचं हे कळतं कुठून? याचं उत्तर कोंबडीच्या पिल्लांनी दिलं. पिल्लाच्या डोळ्यावर मायनस भिंग बसवलं की प्रतिमा दृष्टिपटलाच्या मागे जाते आणि काही दिवसांत डोळा लांबून तिला गाठतो. प्लस भिंग लावलं तर वाढ मंदावते. अर्ध्याच दृश्यावर धूसर पडदा धरला तर डोळ्याचा तेवढाच अर्धा भाग लांबतो. मेंदूकडे जाणारी नस कापली तरीही हे घडतं. म्हणजे वाढीचा हुकूम दृष्टिपटल स्वतः देतो, समोर पडलेली प्रतिमा पुढे आहे की मागे हे वाचून. त्याच पिल्लांवरून आणखी एक गोष्ट कळली आणि वाचणाऱ्या मुलांसाठी ती मोलाची आहे. मायनस भिंग दिवसातून थोडा वेळ काढून पिल्लाला मोकळं बघू दिलं तरी लांबण्याचा बराचसा परिणाम पुसला जातो. हा वेळ सलग दिला त्यापेक्षा अनेकदा थोडा थोडा दिला तर जास्त उपयोग होतो.

आता पुस्तक. जवळचं वाचताना भिंग हवं तेवढं फुगत नाही, किंचित मागे राहतं. त्यामुळे प्रतिमाही किंचित दृष्टिपटलाच्या मागे राहते. पुस्तकाच्या कडेला दिसणारी खोली, भिंत, टेबल हेही पडद्याच्या कडांवर वेगवेगळ्या ठिकाणी उमटतं. मायनस भिंग लावलेल्या पिल्लासारखीच ही स्थिती, असा तर्क बरीच वर्षं मांडला गेला. तो सोपा आहे, पण पुरा पडत नाही. अमेरिकेत ४६९ मुलांना खालच्या भागात जवळचा नंबर असलेले, म्हणजे भिंगाचं काम हलकं करणारे चष्मे तीन वर्षं देऊन पाहिले, तेव्हा फरक पडला तो जेमतेम ०.२ डायॉप्टरचा. तेव्हा भिंगाचा आळस हे एकमेव कारण मानून चालत नाही. वाचन डोळ्याला नेमकं कोणत्या वाटेने लांबवतं, ती वाट पूर्ण उजेडात आलेली नाही. ते लांबवतं याचे पुरावे मात्र दीडशे वर्षांपासून साठत आले आहेत.

त्यांची सुरुवात ब्रेस्लाऊमध्ये झाली. आज ते शहर पोलंडमध्ये आहे, नाव व्रोत्सवाफ. हेर्मान कोन या नेत्रवैद्याने तिथल्या आणि आसपासच्या शाळांतले १०,०६० विद्यार्थी तपासले आणि १८६७ साली आकडे छापले. खेड्यातल्या शाळांत निकटदृष्टी मुलं १.४ टक्के. शहरातल्या शाळांत शिक्षण जसं वरच्या पायरीचं तसा आकडा चढत गेला आणि विद्यापीठाच्या तयारीच्या शाळांत तो २६.२ टक्क्यांवर पोचला. त्या शाळांच्या शेवटच्या वर्गात तर निम्म्याहून जास्त मुलं निकटदृष्टी होती. कोनने दोष दिला तो बाकांना आणि उजेडाला. बाक मुलाच्या मापाचा नाही, खिडक्या लहान, समोरची इमारत उंच, म्हणून मूल वहीवर वाकतं, असं त्याचं म्हणणं होतं. वर्गातल्या प्रत्येक जागेवरून आकाशाचा किती तुकडा दिसतो हे उपकरणाने मोजावं, असा त्याचा आग्रह होता. मान झुकू नये म्हणून त्या काळात बाकांना लोखंडी टेकणंही बसवली गेली. गंमत नव्हे, दुःखाची गोष्ट अशी की अलीकडे चीनमधल्या वूहानच्या काही प्राथमिक शाळांतही बाकांना तसेच धातूचे दांडे लागले.

पुढे बराच काळ वैद्यकाने हे सगळं बाजूला सारलं आणि आईवडिलांना चष्मा म्हणून मुलालाही चष्मा, इतक्यावर समाधान मानलं. आनुवंशिकता खरीच आहे. दोन्ही पालकांना मायनस नंबर असेल तर मुलाला तो लागण्याची शक्यता वाढते. पण १९६९ साली अलास्काच्या उत्तर टोकावरच्या बॅरो गावातल्या इनुइट कुटुंबांची पाहणी प्रसिद्ध झाली. तिथल्या १३१ वडीलधाऱ्यांत निकटदृष्टी माणसं दोनच होती. शाळेत गेलेल्या त्यांच्या मुला-नातवंडांत मात्र निम्म्याहून जास्त. दोन पिढ्यांत रक्त बदलत नाही. बदलली होती ती शाळा.

जेरुसलेमचे आकडे याहूनही बोलके आहेत, कारण तिथे घर तेच आणि आईबापही तेच. १९९३ साली छापलेल्या तपासणीत कर्मठ यहुदी शाळांतल्या मुलग्यांपैकी ८१.३ टक्के निकटदृष्टी निघाले आणि त्याच समाजातल्या मुली ३६.२ टक्के. साध्या शाळेतले मुलगे २७.४ टक्के. कर्मठ घरातले मुलगे लहानपणापासून धर्मग्रंथ वाचतात, दिवसाचे सोळा तासांपर्यंत, पुढेमागे झुलत, मोठ्या अक्षरांच्या मजकुराभोवती छापलेल्या बारीक टीकांवर डोळे खिळवून. अंतर सतत बदलतं, अक्षराचा आकार बदलतो, पण सगळं जवळच.

२०१८ साली ब्रिटनमधल्या सुमारे ६८ हजार माणसांच्या जनुकांवरून आणखी चतुर हिशेब मांडला गेला. ज्यांच्यात जास्त वर्षं शिकण्याकडे कल देणारी जनुकं आहेत त्यांचा नंबर बघितला, तर शिक्षणाच्या प्रत्येक वर्षामागे ०.२७ डायॉप्टर मायनसकडे सरकलेला दिसला. उलट बाजूने पाहिलं, तर मायनस नंबर असलेली माणसं त्या नंबरापायी जास्त शिकतात असं काही आढळलं नाही. म्हणजे चष्मेवाला मुलगा खेळात मागे पडतो म्हणून पुस्तकाकडे वळतो, ही घरोघरी ऐकू येणारी समजूत कारण आणि परिणाम उलटे धरते.

एवढं वाचून एखादी आई मुलाच्या हातातलं पुस्तक काढून घेईल, अशी भीती वाटते. तसं करू नये. २००८ सालची सिडनी आणि सिंगापूरची तुलना त्यासाठी लक्षात ठेवावी. दोन्हीकडची सहा-सात वर्षांची, चिनी वंशाची मुलं. सिंगापूरमध्ये २९.१ टक्के निकटदृष्टी, सिडनीत ३.३ टक्के. आठवड्याला पुस्तकं जास्त वाचणारी मुलं सिडनीतली होती! मोठा फरक एकच सापडला. सिडनीची मुलं आठवड्याला पावणेचौदा तास घराबाहेर असत, सिंगापूरची तीन तास. सिडनीतल्याच बारा वर्षांच्या मुलांची वाचायची रीत तपासली तेव्हा एकूण तासांचा संबंध फिका निघाला. ३० सेंटिमीटरच्या आत पुस्तक धरणाऱ्यांत निकटदृष्टितेची शक्यता अडीच पट होती, अर्ध्या तासाहून जास्त सलग वाचणाऱ्यांत दीड पट. म्हणून किती वाचलं याच्या आधी विचारावं ते किती जवळून, किती वेळ न थांबता, आणि उरलेला दिवस कोणत्या उजेडात.

अंतरासाठी आपल्याकडे जुनं माप आहे, हात. कोपरापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत. आठ वर्षांच्या मुलाचा हात साधारण तेहेतीस-चौतीस सेंटिमीटर भरतो, म्हणजे मापाची पट्टी त्याच्या अंगावरच आहे. कोपर टेबलावर टेकवायचं, बोटं सरळ करून कानशिलाला लावायची आणि डोकं तिथेच ठेवून वाचायचं. दिवसातून दोनदा मुलाने स्वतः हे करून बघावं. “लांब धर, लांब धर” असं मागून ओरडण्याने मान पाच मिनिटं वर राहते. मूल वाकतं त्यामागे दर वेळी काहीतरी कारण असतं आणि ते काढल्याशिवाय मान वर येत नाही.

पहिलं कारण टेबल. घरोघरी मुलं जेवणाच्या टेबलावर अभ्यास करतात. ते ७५ सेंटिमीटर उंच असतं, खुर्ची ४५. आठ वर्षांच्या मुलाचे डोळे बैठकीपासून सुमारे ५५ सेंटिमीटर वर असतात. ४५ अधिक ५५ म्हणजे १००, त्यातून ७५ वजा केले तर उरले २५. मूल दांड्यासारखं ताठ बसलं तरीही वही २५ सेंटिमीटरवर, आणि लिहायला जरासं झुकलं की वीसच्या आत. यात मुलाची काही चूक नाही. बैठक दहा सेंटिमीटर उंच करावी, घट्ट घडी घातलेली सतरंजी चालते, मऊ उशी दबते. मग पाय लोंबकळतात, त्यांच्याखाली पाट किंवा स्टूल द्यावं. पाय लोंबकळत राहिले की मूल पुढे सरकून टेबलावर रेलतं आणि सगळं मुसळ केरात. याउलट, जमिनीवर मांडी घालून वीस-बावीस सेंटिमीटर उंचीच्या चौरंगावर वही ठेवली तर अंतर आपोआप तेहेतीसच्या आसपास येतं. वही थेट फरशीवर ठेवली तर मात्र मूल कंबरेतून वाकत वाकत शेवटी ओणवं होतं.

सपाट ठेवलेल्या पुस्तकाची वरची ओळ लांब आणि तिरपी दिसते, म्हणून डोकं पुढे जातं. पारायणाला पोथी ठेवतात तसा घडीचा लाकडी स्टँड असेल तर पाठ्यपुस्तक त्यावर ठेवावं. नसेल तर पुस्तकाच्या वरच्या कडेखाली दोन जाड पुस्तकं सरकवावी. मान निम्मी सुटते.

पेन्सिलीकडे कुणी बघत नाही. चिनी शाळांत मुलांना तीन मापं पाठ करून घेतात: डोळा पुस्तकापासून एक फूट, छाती टेबलापासून एक मूठ, बोटं टोकापासून एक इंच. तिसरं माप सर्वांत हुशारीचं आहे. पेन्सिल अगदी टोकाशी पकडली की लिहिलं जाणारं अक्षर बोटांआड लपतं. ते बघायला मूल मान डावीकडे कलती करतं आणि गालाने जवळजवळ वहीला टेकतं. इंचभर वर धरायला शिकवलं की अक्षर दिसतं आणि डोकं वर राहतं. दोन बोटांत जेमतेम मावणारा पेन्सिलीचा तुकडा काटकसर म्हणून वापरायला देऊ नये.

मग छपाई. देवनागरीत अक्षराच्या अंगापेक्षा त्याची आभूषणं बारीक असतात: अनुस्वाराचा ठिपका, रफार, ऱ्हस्व-दीर्घ उकार. अक्षर लहान छापलं की अक्षर ओळखता येतं, पण ‘कुल’ की ‘कूल’ हे कळायला डोळा जवळ न्यावा लागतो. क्लासच्या नोट्सची झेरॉक्स काढताना पैसे वाचवायला एका कागदावर दोन पानं घेतात. त्यात अक्षराची उंची ७० टक्क्यांवर येते, १२ पॉइंटचं अक्षर साडेआठ पॉइंटचं होतं. पूर्वीइतकंच मोठं दिसायला ३० सेंटिमीटरवरचा कागद २१ वर आणावा लागतो, आणि मूल तो आणतंच. चार पानं एका कागदावर घेतली तर १५. झेरॉक्सवर वाचवलेले ते दोन-चार रुपये फार महागात जातात, असं मला अगदी मनापासून वाटतं.

पाटीबद्दल इथेच. जर्मनीतल्या ट्युबिंगेनच्या संशोधकांनी २०१८ साली मोजक्या माणसांवर पाहिलं की पांढऱ्यावर काळी अक्षरं तासभर वाचली की दृष्टिपटलामागचा रक्तवाहिन्यांचा थर किंचित पातळ होतो आणि काळ्यावर पांढरी वाचली तर जाड होतो. हा थर पातळ होणं हे डोळा लांबण्याच्या वाटेवरचं लक्षण मानतात. काळ्या दगडी पाटीवर पांढरी अक्षरं गिरवणाऱ्या पिढ्यांची आठवण यावी असंच हे आहे. पण तेवढ्यावरून पाटीला औषध ठरवू नये. एकोणिसाव्या शतकात युरोपातल्या नेत्रवैद्यांनी करड्या पाटीवरचं अक्षर फिकं दिसतं, मूल वाकतं, म्हणून पाटीला विरोधही केला होता. पाटीचा निर्विवाद गुण वेगळा आहे: तिच्यावर अक्षर मोठंच काढावं लागतं.

मोबाइलचं काय, हा प्रश्न येणारच. डोळ्याला कागद आणि काच यांतला भेद कळत नाही, अंतर कळतं. मोबाइल लहान म्हणून पुस्तकाहून जवळ येतो, आणि धडा संपावा तसा तो संपत नाही. निळ्या प्रकाशाचे महागडे चष्मे घेऊन नंबर थांबत नाही. मुलाला काही बघायचंच असेल तर ते टीव्हीच्या पडद्यावर, खोलीच्या दुसऱ्या टोकाला बसून बघू द्यावं.

वीस मिनिटांनी वीस फुटांवर वीस सेकंद बघायचा नियम सगळ्यांना पाठ असतो. तो कॉम्प्युटरवर काम करणाऱ्या मोठ्यांचे थकलेले डोळे निवावेत म्हणून आला. मुलाला सांगायचं तर वीस-पंचवीस मिनिटांनी उठायला सांगावं, वीस सेकंद फार थोडे आहेत. गॅलरीत जाऊन पाणी प्यावं, समोरच्या गच्चीवरच्या टाक्या मोजाव्यात, रस्त्यावरून जाणाऱ्या बसची पाटी वाचता येते का पाहावं. तीन-चार मिनिटं लांब पाहिलं की पुरे. प्रकरण रंगात आलेलं असताना हे होणार नाही, हे वाचणाऱ्या प्रत्येकाला माहीत आहे. म्हणून आधीच पुढच्या धड्याच्या शेवटी खुणेची पट्टी घालून ठेवावी, घड्याळापेक्षा ती चांगलं काम करते.

उजेडाची बाजू पुराव्यात सगळ्यात भक्कम आहे. उजेड लक्समध्ये मोजतात. ट्यूबलाइट लावलेल्या खोलीत शे-दोनशे लक्स, फार तर पाचशे. झाडाच्या सावलीत काही हजार. उघड्या उन्हात लाखाच्या घरात. आपली बाहुली आकुंचन पावते, मेंदू जुळवून घेतो, म्हणून खोली आणि अंगण यांत शंभर पट फरक आहे हे जाणवतच नाही. दृष्टिपटलाला तो जाणवतो. भरपूर उजेडात तिथे डोपामिन नावाचं रसायन जास्त पाझरतं आणि डोळ्याच्या लांबण्याला लगाम बसतो, असं प्राण्यांवरच्या प्रयोगांतून दिसलं आहे. चीनमधल्या ग्वांगझू शहरात बारा शाळा निवडून, सहा शाळांत पहिलीपासून रोज ४० मिनिटांचा बाहेरचा तास वाढवला. तीन वर्षांनी नव्याने निकटदृष्टी झालेली मुलं तिथे ३०.४ टक्के होती, इतर सहा शाळांत ३९.५ टक्के. एका जादा तासिकेने एवढं केलं. तैवानने २०१० पासून शाळांना रोज १२० मिनिटं मुलांना बाहेर काढायला सांगितलं आणि मधल्या सुट्टीत वर्ग रिकामे करवले.

इथे खेळापेक्षा आकाश महत्त्वाचं. सिडनीत बंद सभागृहातल्या खेळाचा काही लाभ दिसला नाही. बॅडमिंटनच्या हॉलमधला तास व्यायामात धरावा, उजेडात धरू नये. झाडाखाली बसून गप्पा मारल्या तरी चालतात, टोपी घातली तरी चालते, ढगाळ दिवसही चालतो. आपल्या पावसाळ्यात उघडीप मिळेल तेव्हा मुलाला बाहेर सोडावं. सूर्याकडे बघायचं नाही, इतकंच. विदर्भ-मराठवाड्यात एप्रिल-मेच्या दुपारी हे शक्य नाही, तिथे सकाळी सात ते नऊ हीच वेळ. संध्याकाळी साडेसहाला क्लास सुटल्यावर मैदानावर गेलेल्या मुलाला हवा मिळते, उजेड मात्र तेव्हा उतरलेला असतो.

रोज दोन तास बाहेर, हे ऐकून पालक हात टेकतात. ते सलग लागत नाहीत. शाळेत चालत जाण्या-येण्याचा अर्धा तास, मधल्या सुट्टीचा अर्धा तास वर्गाबाहेर, आणि चार ते पाच मोकळं. मधल्या सुट्टीत डबा व्हरांड्यात किंवा झाडाखाली खायला लावणं शिक्षकांच्या हातात आहे, पैसा लागत नाही. पीटीचा तास गणिताला देऊन टाकू नये, हेही त्यांच्याच हातात आहे. एम्सच्या डॉक्टरांनी दिल्लीत ९,८८४ शाळकरी मुलं तपासली तेव्हा १३.१ टक्के निकटदृष्टी निघाली. आठवड्याला चौदा तासांहून जास्त बाहेर असणाऱ्यांत प्रमाण कमी होतं. पूर्व आशियाच्या मानाने आपला आकडा अजून लहान आहे आणि तो लहान ठेवायची वेळ हीच आहे. बंद खोलीत काय होतं हे कोविडच्या साथीच्या वर्षाने दाखवलं. चीनमधल्या शानदोंग प्रांतातल्या फेइछेंगमध्ये सहा वर्षांच्या मुलांत २०१५ ते २०१९ या काळात हा आकडा ५.७ टक्क्यांच्या वर कधी गेला नव्हता. २०२० साली शाळा उघडल्यावर तो २१.५ टक्के होता.

तपासणीविषयी थोडक्यात. पहिलीत जाण्याआधी एकदा आणि नंतर दरवर्षी, डोळ्यांत थेंब टाकून. थेंब टाळू नयेत. मुलाचं भिंग इतकं जोरकस असतं की यंत्रात डोकावतानाही ते फुगून बसतं आणि नसलेला मायनस दाखवतं. सहा वर्षांच्या निरोगी डोळ्यात थोडा प्लस नंबर शिल्लक असायला हवा. तो ०.७५ च्या आसपास किंवा खाली असेल तर चष्मा अजून लागलेला नाही, पण पुढे लागण्याची शक्यता मोठी, आणि उजेडाचा सर्वांत जास्त उपयोग याच टप्प्यावर होतो. नंबर लागलाच तर तो पूर्ण द्यावा. कमी नंबर दिला की वाढत नाही, ही समजूत मलेशियातल्या ९४ मुलांवर तपासली गेली. कमी नंबर दिलेल्यांचा दोन वर्षांत एक डायॉप्टर वाढला, पूर्ण दिलेल्यांचा ०.७७. चष्मा असून वाचताना काढून ठेवणारी मुलं पुस्तक आणखी जवळ आणतात, तेही बघावं. अॅट्रोपिनचे अगदी सौम्य थेंब आणि खास घडवलेल्या काचा वाढ मंद करतात. ते नेत्रतज्ज्ञाने ठरवायचं, दुकानातून विचारून आणायचं नाही.

नंबर सरासरीने पंधरा-सोळाव्या वर्षी स्थिरावतो. सातव्या वर्षी लागला तर वाढायला आठ-नऊ वर्षं मिळतात, अकराव्या वर्षी लागला तर चार-पाच. मायनस ६ च्या पुढे दृष्टिपटल ताणून पातळ होतो, फाटण्याची आणि सुटण्याची भीती वाढते. म्हणून दहावीच्या वर्षी जागून अभ्यास करणाऱ्या मुलीपेक्षा पहिली ते चौथीतल्या मुलांची काळजी मला जास्त वाटते.

त्या वयाला एक उपाय आहे ज्यात पुस्तकाचं एकही पान कमी होत नाही. मोठ्याने वाचावं, मुलाने ऐकावं. रोज तासभर वाचन होत असेल तर त्यातली वीस-पंचवीस मिनिटं आजोबांनी, आईने, ताईने वाचून दाखवावीत, शक्यतो दिवसाउजेडी, ओट्यावर, गॅलरीत नाहीतर गच्चीच्या सावलीत. कान गोष्टीत आणि डोळे समोरच्या झाडावर, असं तो वेळ जाऊ द्यावा. चित्र आलं की मूल हमखास पुढे सरसावेल. तेव्हा पुस्तक त्याच्या नाकाशी न नेता आपणच जरा मागे सरकावं आणि ते त्याच्यापासून एक हात लांब उघडं धरावं.